सरळ रेषा कराचीवरून जाते

१३ जून २०२५ च्या पहाटे एअर इंडियाचं एआय १२९ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं आणि सुमारे तीन तासांनी मुंबईलाच परत उतरलं. त्या रात्री इस्रायलने इराणवर हल्ला चढवला होता आणि इराणने आपलं आकाश सगळ्यांना बंद केलं होतं. त्याच वेळी लंडनहून मुंबईकडे येणारं दुसरं विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. आदल्याच दुपारी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविककडे झेपावलेलं विमान कोसळून २६० माणसं गेली होती, त्यामुळे या माघारीची बातमी कोपऱ्यात गेली. ते स्वाभाविकच होतं. पण तीन तास उडून पुन्हा मुंबईच्या सहार विमानतळावरच उतरलेल्या प्रवाशांना मुंबई ते लंडन किती लांब, असं त्या सकाळी विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं?

कोष्टकातलं उत्तर सोपं आहे. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून हीथ्रोपर्यंत सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरलं तर आठ तास. चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवर सरकण्याचा वेळ धरून नऊ-साडेनऊ. हा आकडा पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून मोजलेला असतो. त्या दोऱ्याखाली कोण राहतं, हे कोष्टक सांगत नाही.

म्हणून एकदा खरोखरच गोल घ्या. सपाट नकाशा नको, टेबलावर फिरणारा गोल. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा मुंबईहून थेट वायव्येला निघतो. थोडा समुद्र ओलांडून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढतो, जामनगरच्या आसपासून कच्छच्या आखातावर येतो आणि मग जवळजवळ कराचीच्या डोक्यावरूनच जातो. पुढे बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा एक कोपरा, इराण. तेहरानच्या पूर्वेकडून तो कॅस्पियन समुद्रावर येतो, अझरबैजानला लागतो आणि जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेवर, तिबिलिसीच्या जरा दक्षिणेला, प्रवासाचा बरोबर मध्य येतो. मुंबई आणि लंडन यांच्या मधोमध काय आहे, असं विचारलं तर आपण दुबई म्हणू, फार तर इस्तंबूल. तिबिलिसी कुणाच्याही तोंडी येणार नाही. उरलेला अर्धा दोरा काळ्या समुद्रावरून क्रिमिया, ओडेसा, पश्चिम युक्रेन, पोलंड-स्लोव्हाकियाचा डोंगराळ पट्टा, जर्मनी असा लंडनला पोचतो.

ही नावं पुन्हा वाचा. कराची, बलुचिस्तान, इराण, क्रिमिया, ओडेसा. मुंबई-लंडनचा सर्वांत जवळचा रस्ता आज जगातल्या निम्म्या भांडणांवरून जातो.

आता शाळेच्या भिंतीवरचा सपाट नकाशा घ्या आणि पट्टी ठेवून रेघ ओढा. तो मर्केटर पद्धतीचा असेल तर ही रेघ वेगळीच निघते. मकरानच्या किनाऱ्याला चाटून ती इराणचा दक्षिण भाग आणि इराक ओलांडते, बगदादजवळून पश्चिम तुर्कस्तानात जाते आणि बाल्कन देशांवरून लंडन गाठते. भूगोलाचे शिक्षक या रेघेला फसवी म्हणतात, कारण गोलावर ती सरळ नसते. तिची लांबी ७,४०० किलोमीटरच्या आसपास भरते. मात्र आजची भारतीय विमानं लंडनला जाताना साधारण याच बाजूने जातात. अरबी समुद्रावरून ओमान किंवा आखात, मग इराक नाहीतर इराण, तुर्कस्तान, बल्गेरिया-रुमानिया आणि मध्य युरोप. ज्या रेघेबद्दल मुलांचे गुण कापले जातात, ती पाळायची वेळ वैमानिकांवर आली आहे.

कराचीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण एके काळी मुंबई-लंडन प्रवासाचं दार तिथेच होतं.

त्याआधी सगळा प्रवास बोटीचा. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि मुंबई-लंडन बोटीचा रस्ता बराच आखूड झाला. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये ‘पर्शिया’ बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेयमार्गे जुलैच्या सुरुवातीला लंडनला पोचले. तीन-साडेतीन आठवडे हा तेव्हाचा बरा वेळ होता. टिळक १९१८ मध्ये गेले तेही बोटीनेच. आंबेडकर गोलमेज परिषदांना गेले तोवर हवाई मार्ग सुरू झालेला होता, पण तो सर्वांच्या खिशाला आणि जिवाला झेपणारा नव्हता.

हा हवाई मार्ग इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ ला सुरू केला. लंडन ते कराची, सात दिवस. त्याला हवाई म्हणायचं ते मन मोठं करून. प्रवासी लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमानाने जायचे, तिथून जिनोआपर्यंत आगगाडीने, पुढे भूमध्य समुद्रावरून उडत्या बोटीने अलेक्झांड्रियाला, पुन्हा आगगाडीने कैरोला, आणि कैरोहून वाळवंटावरून टप्प्याटप्प्याने कराचीला. भाडं १३० पौंड. विमानं रात्री उडत नसत, त्यामुळे सात दिवसांतल्या रात्री जमिनीवरच जात.

मुंबईचं टपाल कराचीला उतरून पुढे रेल्वेच्या भरवशावर पडायचं. ही फट टाटांनी भरली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जागा. पावसाळ्यात ती बुडायची म्हणून कारभार पुण्याला, येरवड्याला हलवावा लागे. भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात ही अशी. तिचं एक टोक मुंबईत होतं आणि दुसरं कराचीत. त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. मंडळाच्या सभासदांना घरून आलेली हवाई टपालाची पाकिटं म्हणजे जुहू-कराची असा प्रवास केलेली पत्रं. गोलावरचा दोरा ज्या शहरावरून जातो तिथूनच ती गेली, ही कुणाची योजना नव्हती. भूगोलाने घातलेली ती वाट होती.

फाळणीनंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. ३५ प्रवासी, त्यांत स्वतः टाटा. थांबे दोन: कैरो आणि जिनिव्हा. कॉन्स्टेलेशनचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे थांबे सोडून नुसत्या हवेतल्या वेळाचा हिशेब सोळा तासांकडे जातो. बोटीच्या तीन आठवड्यांवरून एका दिवसावर. त्यानंतर या प्रवासात एवढी मोठी झेप पुन्हा आली नाही, आणि येण्याची चिन्हंही नाहीत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, तास निम्म्यावर आले. पुढे मोठी टाकी असलेली विमानं आली आणि थांबे गळाले. आज तुमचं विमान ७०७ पेक्षा फार वेगाने जात नाही, किंबहुना थोडं सावकाशच जातं, कारण इंधन वाचवायचं असतं. पासष्ट वर्षांत वेग वाढलेला नाही, हे विमानकंपन्यांच्या चकचकीत जाहिराती कधी सांगत नाहीत.

थांब्यांची किंमतही या मार्गाने मोजली आहे. जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या सर्वांत उंच शिखराच्या बाजूने खाली यायचं. तीच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० ला माँ ब्लांवर आदळली. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून दिल्ली-बैरूतमार्गे आलेलं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच जागी आदळलं. गेलेल्या ११७ जणांमध्ये अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. २०२० मध्ये तिथल्या वितळत्या हिमनदीने इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली त्या आठवड्यातली भारतीय वर्तमानपत्रं वर काढली. आज मुंबईहून थेट लंडनला जाताना जिनिव्हा लागत नाही, आल्प्सही बहुधा डावीकडे दूर राहतो.

मग वाट ठरवतं कोण? १९४४ च्या शिकागो करारात पहिलंच कलम आहे: प्रत्येक देशाला आपल्या जमिनीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क. तुमच्या घरावरून जाणाऱ्या विमानाला तुमचा देश परवानगी देतो, त्याबद्दल वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे पैसे घेतो, आणि मनात आलं तर दार लावतो. पाकिस्तानने बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला ते लावलं आणि १६ जुलैपर्यंत भारतीय विमानांसाठी बहुतांश बंदच ठेवलं. त्या काळात सरकारी मालकीच्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं केंद्रीय मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला ते पुन्हा लागलं. ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. पाकिस्तानच्या विमानांची संख्याच कमी, त्यामुळे या देवाणघेवाणीत जास्त मोजतो तो भारतीय प्रवासी. एअर इंडियाने वर्षभराचा बोजा सुमारे ६० कोटी डॉलरचा धरला.

पाकिस्तानच्या या बंदीतली खरी गंमत तिच्या शब्दांत आहे. ती भारतात नोंदलेल्या आणि भारतीय कंपन्यांनी चालवलेल्या विमानांना आहे. भारतातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला नाही. मुंबईच्या टर्मिनल दोनवर दोन शेजारच्या दारांना दोन विमानं उभी आहेत असं समजा, दोन्ही हीथ्रोला जाणारी. एकाच्या अंगावर व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी भारतीय नोंदणी, दुसऱ्यावर जी ने सुरू होणारी ब्रिटिश. दुसऱ्याला कराचीवरून जायला कायद्याची आडकाठी नाही, पहिल्याला आहे. उलट २०२२ पासून रशियाचं आकाश ब्रिटिश कंपन्यांना बंद आहे आणि भारतीय कंपन्यांना खुलं. दोन विमानतळांमधलं अंतर शेपटीवरच्या रंगाप्रमाणे बदलतं, हे कोष्टक बनवणाऱ्यांनी कुठे लिहायचं?

मुंबईचं नुकसान यात त्या मानाने थोडं आहे. आपण समुद्रकाठी, डावीकडे वळलो की ओमान समोर. वळसा फार तर काही शे किलोमीटरचा. खरी ओढाताण दिल्लीची. दोऱ्याने मोजलं तर दिल्लीहून लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर, मुंबईपेक्षा पाचशेने जवळ. पण दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय विमानाला आधी नैऋत्येला, राजस्थान-गुजरातवरून अरबी समुद्राकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेची वाट धरावी लागते. म्हणजे लंडनला जवळ असलेली राजधानी लांब पडली आणि लांबची मुंबई जवळ आली. दिल्लीला एवढ्याशा कारणासाठी मुंबईचा हेवा वाटावा, हे आम्हा मुंबईकरांना मनातून बरं वाटतं, कबूल करत नाही इतकंच.

दोऱ्याचा युक्रेनवरचा भाग तर सगळ्यांनाच बंद आहे. १७ जुलै २०१४ ला ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, २९८ जण मेले. ते विमान ३३,००० फुटांवर होतं आणि त्या उंचीवर तेव्हा अधिकृतपणे उडायला मुभा होती. तेव्हापासून युद्धभूमीवरून जाण्याची हिंमत कुणी सहज करत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं सगळं आकाश नागरी विमानांना बंद आहे. उरलेल्या अरुंद पट्ट्यातून, म्हणजे इराक, तुर्कस्तान, काळ्या समुद्राचा पश्चिम काठ, आशिया-युरोपची बरीच वाहतूक जाते. त्यातही अलीकडे उपग्रहाच्या खोट्या संकेतांचा उपद्रव वाढला आहे: विमान एका जागी असतं आणि यंत्र दुसरीच जागा दाखवतं. आपल्या नागरी विमान महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याबद्दल कंपन्यांना सूचना काढल्या.

भांडणं नसती तरी वेळ एक राहिला नसता. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा असतो. हिवाळ्यात तो उत्तर भारत, पाकिस्तान आणि इराणच्या पट्ट्यावर उतरतो आणि ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज गाठतो. लंडनला जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास आणि परतीला पावणेनऊ-नऊ. वैमानिक उंचीही दिशेप्रमाणे धरतात: पश्चिमेकडे जाताना ३४,००० किंवा ३६,००० असे सम हजार फूट, पूर्वेकडे येताना ३५,००० किंवा ३७,००० असे विषम, म्हणजे समोरासमोरची विमानं एका पातळीवर येत नाहीत. बोइंग ७८७ सारखं विमान तासाला साधारण पाच ते सहा टन इंधन पितं. अर्धा तास वाढला की अडीच-तीन टन जास्त, आणि ते जास्तीचं इंधन वाहून न्यायला आणखी इंधन. भाड्याचा आकडा इथून वर सरकतो.

तिकिटावर छापलेला वेळ मात्र हवेतला नसतो. दारापाशी चाकांखालचे ठोकळे निघाले की मोजणी सुरू, पलीकडच्या दारापाशी ठोकळे लागले की बंद. मधल्या काळात मुंबईची रांग असते. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. एवढं असून २०२३ च्या दिवाळीत, ११ नोव्हेंबरला, या विमानतळाने चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा हाताळली. पलीकडे हीथ्रोला समांतर दोन धावपट्ट्या आहेत, पण गर्दीच्या वेळी विमानांना बॉविंग्डन, लॅम्बर्न, बिगिन हिल आणि ऑकम या चार जागांवर एकावर एक हजार-हजार फुटांच्या अंतराने घिरट्या घालाव्या लागतात. एस. टी. स्टँडबाहेर फलाट रिकामा व्हायची वाट बघत इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांची हीच तर गोष्ट. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून वेळापत्रकात आधीच थोडी सैल गाठ ठेवतात आणि पंधरा मिनिटांच्या आत पोचलं की विमान वेळेवर धरलं जातं. विमान वेळेआधी उतरल्याचा आनंद बऱ्याचदा असा बनवलेला असतो.

आणि मुंबईची विमानं अपरात्री का निघतात, याचंही उत्तर पलीकडे आहे. हीथ्रोच्या शेजाऱ्यांच्या झोपेसाठी रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात वर्षाला फक्त ५,८०० विमानांना मुभा आहे. लंडनकरांची झोप मोडायची नाही, तर दोन वाजता सहारच्या बाहेर आजी-आजोबांसह अख्खं कुटुंब निरोप द्यायला उभं राहतं.

घड्याळाचा घोळ वेगळा. आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे. त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार. आपलं घड्याळ सरळ आहे, असं वाटणाऱ्यांनी आठवावं की देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईत १९५५ च्या सुमारापर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ चालू होती. ‘मलबार प्रिन्सेस’ उडाली तेव्हा सुटण्याची वेळ विचारणाऱ्याला, कुठल्या घड्याळाप्रमाणे, असंही विचारावं लागलं असेल.

आणि कोल्हापूर किंवा नांदेडहून लंडनला जाणाऱ्याला हे सगळं ऐकवून काय उपयोग! कोल्हापूरहून सहारपर्यंत रस्त्याने सात-आठ तास, त्याआधी सामान बांधण्याचा दिवस, तिथे तीन तास आधी हजर राहण्याचा नियम. पुण्यातून लंडनला थेट विमान नाही. निम्म्या महाराष्ट्रासाठी लंडन प्रवासाचा निम्मा वेळ महाराष्ट्रातच जातो.

परगावच्या जोडविमानाचं तिकीट काढताना म्हणूनच छापील वेळेवर विसंबू नका; मध्ये किमान तीन तास मोकळे ठेवा, आणि दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते. परतीला वारा पाठीशी असला तरी हाच हिशेब धरा. पाकिस्तानची आणि भारताची, दोन्हीकडची बंदी महिन्यामहिन्याने वाढवली जाते; २०२५ मध्ये अशी एक मुदत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरच्या पहाटे संपत होती. दर ऑक्टोबरअखेर लंडनची घड्याळं एक तास मागे जातात आणि विमानांचं हिवाळी वेळापत्रक सुरू होतं.